दोन दहांश सेकंद

बापूकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेत होते. शेवटची रेषा पुरी करवली आणि मगच घरी गेले. काकांनीही तेच केलं असतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, ग्वाल्हेरला नई सडकेजवळच्या एका शाळेत ड्रिलमास्तर. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिले. संस्थानाच्या काळात शाळेला मिळालेलं स्टॉपवॉच त्यांच्या ताब्यात असे. ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेलं, पुढे मध्य भारतही मध्य प्रदेशात गेला, तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि बरी पळत होते. नवं राज्य एवढं मोठं, की सगळ्या मुलींना एका मैदानावर आणणं जमेना. म्हणून राज्याच्या संघासाठी जिल्ह्याजिल्ह्यातून शर्यतीच्या वेळा कागदावर मागवल्या. शंभर यार्डांत काकांनी त्याच स्टॉपवॉचवर घेतलेली माझी वेळ सगळ्यांत कमी निघाली. इंदूरची एक मुलगी माझ्या मागे, फक्त एक दहांश सेकंदानं. आईनं बाड्यावरच्या बाजारातून पेढे आणले. काकांनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. म्हणाले, "तू एवढी पळत नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घड्याळ घेऊन रेडिओजवळ बसले. वेळेच्या ठोक्याला चालू केलं, तासाभरानं पुढच्या ठोक्याला बंद केलं. घड्याळानं एकोणसाठच मिनिटं दाखवली. म्हणजे माझ्या बारा सेकंदांच्या शर्यतीत दोन दहांश सेकंद कमी मोजले गेले होते. त्यांनी तसं निवड समितीला लिहून टाकलं.

आई म्हणाली, "भाऊजी, घरची पोर आहे. कोणाला पता लागणार होता?"

"मला लागला ना, वहिनी."

मी विचारलं, "आणि इंदूरवाल्यांचं घड्याळ कोणी तपासलं?"

"ते माझ्या हातात नाही. हे आहे."

संघात इंदूरची मुलगी गेली. मी वर्षभर काकांशी कामापुरतं बोलले. त्यांनी समजूत घातली नाही. मला पुन्हा तशी संधी आली नाही, आणि राग पुरता गेला असं मी आजही म्हणणार नाही...

तेरावं झाल्यावर त्यांचं कपाट आवरलं. स्टॉपवॉचच्या डबीत तळाशी घडी घातलेलं एक कार्ड होतं, निवड समितीचं, हिंदीत. सुधारलेली वेळ मान्य आहे. परंतु आपण मुलीला घेऊन इंदूरला येण्याची आणि दोघींना एकत्र पळवण्याची जी विनंती केली आहे, ती मान्य करता येत नाही. एवढंच. मला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर... असो.

आता मीही खेळ शिकवते. शाळेत यंदा आकड्यांचं नवं स्टॉपवॉच आलं, सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारं. मुली म्हणतात, "मॅडम, ये थोड़े ही गलत बताएगी." गेल्या रविवारी ते घरी आणलं, काकांच्या खुर्चीत रेडिओजवळ तासभर बसले. घड्याळ बरोबर निघालं. पुढच्या शर्यतींच्या आधी पुन्हा बसणार आहे.