रोह्याची कोरडी गाडी

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वडखळच्या पुढे डोलवीला कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडली की त्याला कारण असतं, ते शोधायचं... एवढंच मला येतं. तरी हे लिहितोय, कारण आमच्या घरात आता हा विषय निघत नाही आणि मला कुणाला तरी सांगायचंय.

आम्ही पेणला राहतो, गणपतीच्या कारखान्यांमागच्या आळीत. आमची गाडी पंधरा वर्षांची झाली होती. खाडीच्या खाऱ्या हवेने पत्रा असा खाल्लेला की दरवाज्याची खालची कड हाताने तुटायची. आमचे गॅरेजवाले नझीरभाई म्हणाले, "आता हिच्यावर खर्च नका करू. सेकंडहँड लहान गाडी बघा. पण मला दाखवल्याबिगर घेऊ नका."

दोन महिने बघत होतो. एकीचं मीटर मागे फिरवलेलं, दुसरी पुढून ठोकून पुन्हा रंगवलेली. मग रोह्याची गाडी कळली. मालक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, कायमचे मुलीकडे नाशिकला निघाले होते. एकहाती वापर, सर्व्हिसचं प्रत्येक बिल फाइलला लावलेलं. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी, माझी बायको मनीषा आणि नझीरभाई असे तिघं गेलो.

नझीरभाईंनी तासभर गाडी तपासली. इंजिन, टायर, सगळं. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, मॅट उचलून खाली हात फिरवला, स्टेपनीच्या खड्ड्यात टॉर्च मारला. मी विचारलं, हे कशाला?

"पुरात बुडालेली गाडी इथंच पकडता येते. पट्ट्यावर चिखलाची रेघ ऱ्हाते," ते म्हणाले. "ही एकदम कोरडी हाय. डोळे मिटून घ्या."

ते मालकांसोबत चहाला थांबले आणि मी मनीषाला शेजारी बसवून चालवून बघायला निघालो. कोलाडच्या रस्त्याला लागलो. स्टिअरिंग हलकं, इंजिनचा आवाज नाही... मी मनातल्या मनात गाडी घेऊनसुद्धा टाकली होती. तीन-चार किलोमीटर गेलो असू, तर मनीषाने एकदम पाय वर घेतले.

"अहो, आत पाणी आलंय."

"एसीचं असेल."

"एसीचं नाय हो, घोट्याच्या वर हाय! थांबवा... थांबवा म्हणते ना!"

गाडी कडेला घेतली, उतरून तिच्या बाजूला गेलो. मॅट कोरडी. मॅटखाली कोरडं. मी हसणारच होतो, तेवढ्यात तिच्या सलवारीकडे लक्ष गेलं. दोन्ही पायांवर घोट्याच्या वर वीतभर ओली. हात लावला तर पाणी गार, आणि बोटांना लाल गढूळ गाळ लागला. एप्रिलमध्ये! रस्त्याकडेचं गवतसुद्धा वाळून करपलं होतं.

ती परत त्या गाडीत बसली नाही, रिक्षाने मागे आली. नझीरभाईंनी गाडी खालून-वरून पुन्हा तपासली. "गळती कुठंच नाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे विचित्र बघत राहिले. मालकांना मी 'कळवतो' म्हणालो आणि निघालो.

घरी आल्यावर मनीषा एवढंच बोलली, "ती गाडी घेऊ नका. आणि दुसऱ्या कुणाला घेऊ पण देऊ नका."

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दिनेशने विचारलं. दिनेश माझ्याच शिफ्टला, आठ वर्षं एकत्र डबा खात होतो. "रोह्याच्या गाडीचं काय झालं रे?"

खरं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "गाडी एक नंबर. नझीरभाईंनी पास केली. मनीषाला रंग नाय आवडला."

"मग मी घेऊ?"

"घे की."

त्याच आठवड्यात त्याने ती घेतली. पेढे घेऊन आमच्याकडे आला. मनीषाने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाही सांगता आलं असतं... मे गेला, जून गेला, रोज कंपनीच्या पार्किंगमध्ये ती गाडी दिसायची आणि रोज मी स्वतःला म्हणायचो, चालतेय ना चांगली!

जुलैत दिनेश सासुरवाडीहून एकटाच परत येत होता. रोह्याच्या आतल्या गावाकडे ओढ्यावर एक ठेंगणी मोरी आहे, तिच्यावरून पाणी चाललं होतं. लोकांनी थांब म्हणून हात केले, पण त्याला वाटलं निघेल. गाडी दुसऱ्या दिवशी सापडली, खाली बांबूच्या बेटात अडकलेली. दिनेश आतच होता.

सगळे म्हणतात, त्या पाण्यात कुठलीही गाडी वाहून गेली असती. मीही तेच म्हणून बघतो. झोप लागत नाही.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या बायकोला, वैशालीवहिनींना भेटायला गेलो. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मनीषा माझ्या शेजारी रडत होती. वहिनी रडल्या नाहीत. त्या मांडीवर झोपलेल्या मुलीच्या केसांतून हात फिरवत होत्या.

मग म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं असतं का नाय, ठाव नाय. हसले पण असते. पण माझ्या कानावर आलं असतं ना, तर मी ती गाडी दारात उभी राहू दिली नसती. मला तरी का नाय बोललात, भावजी?"

एप्रिलच्या त्या कोरड्या सकाळी ते पाणी कुठून आलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही, होईल असं वाटतही नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला ठाऊक होतं. कॅन्टीनच्या टेबलावर पाच-सहा जण बसले होते आणि ते मला हसतील, याची मला लाज वाटली होती, आणि नंतर ते खोटं मागे घ्यायचीही. एवढंच कारण.

ते काही मला त्यांच्यासमोर बोलवलं नाही. शेवटी मनीषाच म्हणाली, "चला."