खोटे उपवास

माझ्या उपवासांचे गल्लीत फार कौतुक होई, आणि त्याचाच मला संताप येई. कारण ते उपवास नव्हतेच. गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. जिथे आतडे जोडले होते तिथली वाट अरुंद होत चालली होती. खाल्लेले खाली सरकत नव्हते. पण संस्कृत शिकवणाऱ्या मास्तराने हे सांगायचे कोणाला? शिवाय रोग उलटला असेल, ही भीती होतीच. मग मंगळवार धरला, शुक्रवार धरला, एकादशी धरली. ताट टाळायला देव बरा सापडला! शेजारणी भक्तिभावाने साबुदाण्याची खिचडी आणून देत, वर दाण्याचे कूट सढळ हाताने. ती खाऊन पोटात असा पीळ पडे की देवी आणि शेजारणी, सगळ्यांवरच मी चरफडे. डॉक्टरांनी विचारले की मात्र, "उत्तम आहे."

एका शुक्रवारी सकाळी अंबाबाईच्या देवळात खांबाला टेकून बसलो होतो. पोट ताणलेले, मळमळ थांबेना. शेजारी ओटीचे ताट घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईने माझ्याकडे टक लावून पाहिले आणि भर मंडपात विचारले, "पावणं, परसाकडं कधी गेलतासा?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "माझा उपवास आहे," मी फणकारलो.

"उपासानं पोट फुगतंय व्हय? आमच्या मालकांचं असंच झालतं. लाजत बसलं आन् गेलं. उठा की!"

दंडाला धरून तिने मला रिक्षात घातले. दवाखान्यात डॉक्टरांना म्हणाली, "ह्यो खोटं सांगंल, ऐकू नगासा." तेव्हा माझा बांध फुटला. सगळे सांगून टाकले. रोग उलटला नव्हता. जुन्या जखमेचा वण आवळून वाट बुजली होती. आणखी उशीर झाला असता तर आतडे फुटले असते. आधी पोटाचा ताण उतरवला, मग चार दिवसांनी अरुंद भाग कापून आतडे पुन्हा जोडले. ती बाई तोवर निघून गेली होती, पुन्हा कधी दिसली नाही. पत्नीच्या मते ती अंबाबाईच; आपल्या हातून तिची ओटी भरायची राहिली, म्हणून पत्नी आजही हळहळते.

ती कोण, यावर मी वाद घालत नाही. देवीपुढे वर्षानुवर्षे हात जोडले, पण लाज मात्र घरी ठेवून कधी गेलो नव्हतो. ती उतरवल्याशिवाय शरण जाणे कसले?

ऑपरेशननंतर डॉक्टर रोज एकच विचारत, "वारा सरला का?" पत्नी त्यासाठी जप करत बसे. चौथ्या सकाळी तो सरला, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. खोकतानाही तोंडावर रुमाल धरणारा मी रडत ओरडलो, "सरला हो, सरला!"

पलीकडच्या खाटेवरून एका म्हाताऱ्याने हात उंचावून साद दिली, "चांगभलं!"