जिंकू दिलेला पंजा

पालमच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो तेव्हा अंतःस्रावी ग्रंथींचा धडा माझा हातखंडा होता. फळ्यावर माणसाची आकृती काढायची, डोक्यात, गळ्यात, मूत्रपिंडांच्या टोकांवर रंगीत खडूनं ठिपके द्यायचे आणि सांगायचं, की इथून संप्रेरकं थेट रक्तात उतरतात आणि माणूस लढायला नाहीतर पळायला तयार होतो. पोरं माना डोलवायची. असले ठिपके मास्तरच्याही अंगात असतात, हे मला सत्तरच्या दशकातल्या एका रविवारी राणीसावरगावात समजलं.

मुलगी बघायला गेलो होतो. खरं तर मी तिला आधीच बघितलं होतं. गंगाखेडला शिक्षकांची बैठक होती आणि साहेबांच्या पाठीमागं नकाशा उलटा टांगला होता. तो आम्हा सगळ्यांना दिसत होता आणि आम्ही सगळे गप्प होतो. राणीसावरगावच्या प्राथमिक शाळेतली एक बाई उठली, नकाशा सरळ करून टांगला आणि जागेवर येऊन बसली. साहेबांचं भाषण थांबलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी वडिलांच्या मागं लागलो. लग्न करायचं तर हिच्याशी, आणि ती मास्तरीण आहे म्हणूनच. एसटीतून उतरताना वडिलांनी एकच सूचना केली, की तिथं कमी बोल.

तिच्या घरी ओसरीत जवारीची पोती रचलेली होती. एका बाजूला दोघांचे वडील पाऊसपाण्याचं बोलत बसले. मुलीचे मामा गंगाखेडहून यायचे होते. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा पत्रिका सुटली, गुण सुटले, मुहूर्त सुटला. मामा मात्र सुटला नाही. तो आल्याशिवाय मुलगी बाहेर आणत नाहीत. एसटीचा पत्ता नव्हता. पोहे झाले, पाणी झालं, पुन्हा पाणी झालं.

माझ्यासमोर तिचा थोरला भाऊ बसला होता. शेती करायचा. त्याचं मनगट माझ्या पोटरीएवढं होतं, हे मला दिसत होतं. पण आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या हेही मला ऐकू आलं होतं. मी म्हणालो, बसून कंटाळा आला, एक पंजा लावू या का.

"नगं पाव्हणं," तो म्हणाला, "तुमी खडू धरणारे."

त्यानं हे काळजीनं म्हटलं होतं. मला तो टोमणा वाटला. मी बाह्या सारल्या, एक पोतं आडवं पाडलं आणि कोपर टेकवलं. माझे वडील खोकले. मला वाटलं, जवारीची धूळ.

पंजा जुळला. भावानं दात खाल्ले, मान ताणली, कण्हलादेखील, आणि हळूहळू त्याचा हात खाली गेला. मी जिंकलो. म्हटलं, आता डावा. डावाही जिंकलो. वडील पुन्हा खोकले, जरा जोरात.

इथं मला जे ठाऊक असायला हवं होतं ते आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं: आपल्या दारात आलेल्या पाहुण्याला हरवत नाहीत, त्यातून सोयरीक जुळवायला आलेल्याला तर नाहीच. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा वडील स्वतः पत्त्यांचे तीन डाव मुद्दाम हरले होते आणि मी शेजारी बसून त्यांची पानं बघत होतो. तरी मला कळलं नाही. पुढं कधीतरी वाचलं, की स्पर्धा जिंकली की पुरुषी संप्रेरक चढतं, हरली की उतरतं. आणि जय आपल्या कर्तबगारीनं मिळाला अशी समजूत असली की ते जास्तच चढतं. समजूत खरी असावी लागते असं काही कुठं लिहिलेलं नव्हतं. फुकटच्या जयानंही माझं काम व्यवस्थित झालं.

छाती पुढं आली. आवाज खाली, गळ्यात गेला. मांडी घालून बसलो होतो, ती मांडी आपोआप पसरली. पहिला सल्ला मी भावाला दिला, की शेंगदाणे खात जा, ताकद येते. शेंगदाणे त्याच्याच शेतातले होते आणि मी ते खात होतो. दुसरा सल्ला तिच्या वडिलांना, कापसाच्या ओळी फार दाट घालता म्हणून. त्यांच्या कापसाचं रान मी एसटीच्या खिडकीतूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. वडील आता खोकत नव्हते. त्यांनी छताकडं बघायला सुरुवात केली होती.

मग तिच्या वडिलांनी सहज विचारलं, की पोरीच्या नोकरीचं कसं करायचं, तुमी पालमला, ती हितं.

"त्यात काय," मी म्हणालो, "बघू बदलीचं. नाहीच झाली तर सोडायची. माझ्या पगारात भागतंय."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं, ते मला आजही सांगता येत नाही. ते माझं नव्हतंच. ज्या कारणासाठी मी एवढ्या लांब आलो होतो, तेच कारण मी दोन पंजांच्या नशेत उडवून लावलं होतं. तिच्या आईनं आतून येऊन पोह्यांची रिकामी बशी उचलून नेली.

दाराआडून आवाज आला. शांत होता, वर्गात हजेरी घेतात तसा.

"दादा, आता खरा लाव."

भावानं आपल्या वडिलांकडं बघितलं. वडिलांनी सुपारी कातरायला घेतली. ती त्यांची परवानगी होती. भावानं पोत्यावर कोपर ठेवलं, या वेळी दात खाल्ले नाहीत, मानही ताणली नाही. मी श्वास घेत होतो. तो घेऊन व्हायच्या आत माझा हात, खांदा आणि उजवा कान पोत्यावर होते. जवारीचे चार दाणे गालाला चिकटले.

आतली उतरण सुरू झाली. पसरलेली मांडी गोळा झाली. हाताचा दाह कमी होता, कानाचा जास्त. मी दाणे झाडत होतो तोवर ती बाहेर येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. मामा आलेले नव्हते.

"नोकरीचं काय म्हणत होता तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, चुकलं. नोकरी तुमची आहे, सोडायचं काही कारण नाही.

"मंग कोणतं खरं धरायचं? जिंकल्यावरचं का हरल्यावरचं?"

असा नेमका प्रश्न मला बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. हरल्यावर माणूस कशालाही हो म्हणतो, हे तिला माहीत होतं. मी खरं ते सांगितलं.

"दोन्ही नका धरू. पंजा लावायच्या आधीचं वेगळं होतं."

"ते आमाला कुठं ऐकू आलं?" ती म्हणाली. "घरी जाऊन लिहून पाठवा. कुणी बघत नसताना."

ती आत गेली. तेवढ्यात मामा घाम पुसत आले, चपला काढता काढता म्हणाले, की गाडी बंद पडली, झालं का बघून? तिच्या वडिलांनी सुपारी तोंडात टाकली.

"झालं. तिनं बघितलं."

पालमला एसटीतून उतरल्यावर वडील म्हणाले, "पत्र लिहिल्यावर मला दाखवू नको. नाहीतर मला दाखवायला म्हणून लिहिशील."

चार दिवस मी लिहीत होतो. पहिल्या दिवशीचं पत्र ऐटीचं होतं, दुसऱ्या दिवशीचं लोटांगणाचं. दोन्ही चुलीत घातली. चौथ्या दिवशी, नाडी रोजची झाली तेव्हा, पोस्टकार्डावर एवढंच लिहिलं: नकाशा सरळ करताना तुम्हाला पाहिलं. तुम्ही शिकवत राहावं. बदलीचा अर्ज मी करतो. पोस्टकार्ड घेतलं, कारण ते वाटेत पोस्टमनही वाचणार होता आणि मग मला माघार घेता येणार नव्हती.

आधी अर्ज मंजूर झाल्याचा कागद तिच्या घरानं बघितला, मग होकार आला. लग्न उन्हाळ्याच्या सुटीत झालं, दोघांपैकी कुणालाही रजा टाकावी लागू नये म्हणून. शाळा उघडली तेव्हा माझा संसार एका ट्रंकेत घालून मी राणीसावरगावला उतरलो. तो उचलायला मेव्हणा बैलगाडी घेऊन आला होता. मी ट्रंकेची एक कडी धरायला गेलो, तर म्हणाला, "राहू द्या," आणि एका हातानं ती गाडीत ठेवली.