एकच बाजू धुतलेली तबकडी

मामा गेल्याचा फोन आईनं केला. मी साताऱ्यात, आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. मुलांची प्रात्यक्षिकं चालू होती. "सोपाना गेला," एवढंच तिनं सांगितलं. मग कुणी ऐकेल अशा धास्तीनं हलक्या आवाजात म्हणाली, "भंडारा धुऊ नगं म्हणून सांगितलं हुतं मी त्याला..." रडू नंतर आलं. आधी भीतीच वाटली, खोटं कशाला सांगू? मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई, पण ते वाक्य मला खोटं म्हणता येईना. साताऱ्याहून मामाच्या गावापर्यंत, कवठे महांकाळपर्यंत, सगळ्या वाटेवर मी तेच वाक्य ऐकत होते.

सोपानमामा आईचा धाकटा भाऊ; आई त्याच्याकडंच राहायची. फौजेत सिग्नलला होता, वायरलेसचे सेट दुरुस्त करण्यात त्याची सारी नोकरी गेली. सीमेवर बर्फात राहून आलेला हा गडी घरात मात्र दोनच गोष्टींना भ्यायचा: एक माझी आई आणि दुसरी देव्हाऱ्यातली गाण्याची तबकडी. आईपुढं तर तो साठी उलटल्यावरही शाळा बुडवून आलेल्या पोरासारखा उभा राहायचा. त्यावरून मी त्याला फार चिडवत असे.

तबकडी अप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची. अप्पा बिरोबाच्या ओव्या गायचे. कुण्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना मुंबईला नेऊन एक छोटी तबकडी काढली होती. तिच्या बाकीच्या प्रती लग्नाजत्रांतल्या कर्ण्यांवर वाजून वाजून झिजल्या, फुटल्या. उरली ती एक. अप्पा गेल्यावर आजीनं ती देवाच्या टाकांशेजारी ठेवली आणि जत्रेच्या दिवशी देवावर उधळतात तसा तिच्यावरही भंडारा उधळायची रीत पडून गेली. बिरोबाची ओवी तिच्यात आहे, म्हणजे तीही देवच, असा साधा हिशेब. वर्षानुवर्षं हळदीचा तो भंडारा तिच्या खाचांत बसत गेला. आम्ही नातवंडं तिच्या पाया पडायचो. अप्पांचा आवाज मात्र आमच्यातल्या कुणीच ऐकलेला नव्हता.

फौजेतून परतल्यावर मामाच्या डोक्यानं एकच घेतलं, तो आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचा. बाजारात तयार यंत्र मिळतं, असं मी सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं, तयार यंत्राच्या सुईला काय ठाऊक की आपल्याकडं एकच तबकडी आहे? म्हणून त्यानं स्वतःचं यंत्र करायला घेतलं. सुई धरणारा हात जुन्या रेडिओच्या एरियलच्या नळीचा केला, मागं तोलाला पितळी नट लावले. ते पुढं-मागं फिरवून सुईचा भार कमी-जास्त करायचा. सुईतून येणारा बारीकसा आवाज मोठा करून कॉम्प्युटरला पोहोचवणारं सर्किट आम्ही दोघांनी मिळून बसवलं. सुरुवातीला प्रत्येक गाण्यामागं मोटरची घरघर यायची. मग मोटर वेगळ्या लाकडी पेटीत गेली आणि दोऱ्यानं थाळी फिरू लागली. यंत्राचं खोकं मांडीवर घेऊन तो एसटीनं साताऱ्याला यायचा आणि शेजारच्या प्रवाशाचा त्याला धक्का लागू द्यायचा नाही. जुन्या बाजारातल्या सिनेमाच्या तबकड्या त्यावरून सुरेख उतरल्या. पण अप्पांच्या तबकडीचं नाव काढलं की म्हणायचा, थांब जरा, हात अजून हलका करू... हात हलका होत गेला, त्याला धीर काही होईना.

खरं भय भंडाऱ्याचं होतं. त्या भरलेल्या खाचांतून सुई चालली असती तर पाट्यावर मिरची वाटावी तसा अप्पांचा आवाज वाटला गेला असता, तोही कायमचा. म्हणजे आधी धुणं आलं. आणि धुण्याचा विषय निघाला तशी आई आडवी आली. "त्यो देवाचा भंडारा हाय, सोपाना. धुतलास तर देव घरातनं काय तरी घिऊन जाईल." मामा हसला, पण तबकडी त्यानं मुकाट्यानं जागेवर ठेवली. मलाही मनातून बरंच वाटलं. पुढं कित्येक महिने आम्ही दोघं शिकलीसवरलेली माणसं नाही नाही ती कारणं काढून ते काम पुढं ढकलत राहिलो.

मग एका सकाळी त्याचा फोन आला. "शाले, धुतली गं. एकच बाजू धुतली. म्हटलं, देव किती रागावतोय ते तरी बघू." हसत होता, पण आवाज कापरा होता. "पानी पिवळंधम्म झालंय. आता ह्ये वतू कुठं? पायाखाली याला नगं." शेवटी ते त्यानं तांब्यात भरून देव्हाऱ्यापुढं ठेवलं. आमचं तेच शेवटचं बोलणं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मामी चहा घेऊन त्याच्या खोलीत गेली, तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. कानाला हेडफोन, मान खाली, समोर थाळी फिरतेय. त्याला करंट बसला असं समजून तिनं धावत जाऊन घराचा मेन स्विच ओढला. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला, पण आईचं निदान आधीच झालेलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर तिनं त्या खोलीला कडी घातली आणि मला बजावलं, "तू आत जायचं न्हाई. एक गेला तेवढा बास." तिची ती भीती माझ्यासाठी होती आणि ती मलाही चढत होती. रात्री दिवा मालवायला नको वाटायचं. मामीला मात्र वेगळंच खात होतं. तिनं वीज तोडली आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडला. म्हणजे नवऱ्यानं ज्यासाठी इतकी वर्षं घातली ते आपल्याच हातानं पुसलं गेलं का? तिनं मला हे हळूच विचारलं. कॉम्प्युटर लावल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

काही आठवड्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा कडी मामीनंच काढली. "वन्सं, मला कळू द्या," एवढंच ती आईला म्हणाली. आई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत पाऊल टाकेना. मी बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली: मागच्या वेळी अपुरं राहिलेलं रेकॉर्डिंग परत आणायचं का? मी 'हो'वर दाबलं. हेडफोन काढून मी स्पीकर जोडला.

आधी नुसती खरखर. मग ढोल. मग एका उंच, जराशा घोगऱ्या आवाजानं ओवी उचलली... मामा अंगणातून हाक मारायचा, तोच आवाज. आई भिंतीला टेकून खाली बसली. ओवी संपली. झालं, असं आम्हाला वाटलं. पण रेकॉर्डिंग संपेना. तबकडीच्या शेवटच्या खाचेत सुई गोल गोल फिरत होती, टक... टक... टक... आणि ती उचलायला कुणी येत नव्हतं. आम्ही काय ऐकतोय ते तिघींनाही एकदमच कळलं. बंद करायचं धाडस एकीलाही होईना. मग सगळं एकाएकी तुटलं. मामीनं स्विच ओढला तो क्षण तिथं होता.

आई म्हणाली, "म्हंजी त्यानं आप्पाचं समदं ऐकलं."

मामीनं मान हलवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली. ओवी चालू असतानाच तो गेला नसेल कशावरून, असं माझ्या मनात आलं होतं. मी बोलले नाही.

आई उठली, उंबरा ओलांडून आत आली आणि तिनं थाळीवरची तबकडी उलटी केली. ती बाजू अजून पिवळीजर्द होती. मी हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. "ही बाजू मी धुनार. देवाला न्यायाचं आसंल तर मला न्हील."

तिनं धुतली, आपल्या मऊ जुन्या पातळानं टिपली. सुई मात्र मलाच ठेवावी लागणार होती, तिनं त्या यंत्राला कधी हात लावलेला नव्हता. मी मामाच्या खुर्चीत बसले. सुई टेकली तसं आईनं माझं मनगट धरलं. अप्पा गात होते. ती ऐकत होती की नाही, देव जाणे. ओवी संपली, मी सुई उचलली, यंत्र बंद केलं. तरी तिची बोटं माझ्या नाडीवरून हलली नाहीत.