पश्चिमेच्या भिंतीतलं सिमेंट

"हात लावून बघा," पाळक म्हणाले. मी लावला, तर आतल्या भिंतीचा गिलावा भिजवलेल्या पोह्यांसारखा हातात आला.

साल १९८२, पावसाळा नुकता सरलेला. निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातलं हे दगडी चर्च, शंभरीला टेकलेलं. पश्चिमेच्या भिंतीने ओल धरली होती. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांची रविवारी बैठक होती. भिंत निकामी आहे असं मी लिहून दिलं की चर्च पाडायचं आणि तिथे स्लॅबचा हॉल बांधायचा, हे जवळपास ठरलेलं. त्या कागदावर सही करायला स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नाशिकहून मला बोलावलं होतं.

सही करण्याआधी मी वर पाहिलं आणि पंचाईत झाली. टोकदार कमानी, प्रत्येक दगड पाचरीसारखा तासलेला. लोखंड नाही, काही नाही. मधोमध चावीचा दगड. तो दोन्हीकडच्या दगडांना एकमेकांवर रेलून ठेवतो. आमच्या घरात हे काम थोरली आत्या करते. वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या, बाहेर भिंतीला दगडी टेकू. ओळंबा सोडला. अठरा फूट उंचीत भिंत सुतभरही कललेली नव्हती. मी स्वतः बांधलेल्या आमच्या घराबद्दल असं कुणी म्हणत नाही. सौ. तर नाहीच नाही.

मग पाणी येतंय कुठून? कौलं पाहिली, ठीक. पन्हळ पाहिली, ठीक. बाहेरून भिंतीपाशी गेलो. दगडांच्या सांध्यांत करडं, रेखीव सिमेंटचं पॉइंटिंग.

शिडी धरून उभे असलेले गवंडी शांतवनबाबा म्हणाले, "वळखलं का, साहेब?"

"काय?"

"तुमचंच काम हाय."

सात वर्षांपूर्वी मी इथे अर्धा दिवस येऊन गेलो होतो; तेव्हा बाहेरून भिंत तेवढी पाहिली आणि नंतर साफ विसरलो. सांध्यांतला चुना भुरभुरत होता. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. मी खटपट करून सहा गोण्या मिळवून दिल्या आणि बाबांना सांधे भरायला लावले. "चुन्याला चुनाच लागंल, साहेब," ते म्हणाले होते. "बाबा, आता सिमेंटचा जमाना आहे," मी म्हणालो होतो. वय सत्तावीस, डोक्यावर केस भरपूर.

झालं होतं असं. काळ्या दगडातून पाणी जवळजवळ जात नाही, ते ये-जा करतं सांध्यांतून. चुना पाणी पितो आणि उन्हात सोडून देतो. सिमेंटला केसाएवढे तडे गेले, त्यांतून पाणी आत शिरलं, पण परतायची वाट माझ्या सहा गोण्यांनी बंद केलेली. मग ते चर्चमध्ये निघालं.

पाळक नवे होते, पंच बदललेले. हे ठाऊक फक्त बाबांना आणि मला.

रविवारी उपासनेनंतर बैठक बसली. मुख्य पंच दाविदराव, द्राक्षबागायतदार. म्हणाले, "साहेब, सरळ लिवा. जुन्या लोकांनी भिंत कच्ची बांधली."

मान डोलावली असती तर सुटलो असतो. बाबा शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"भिंत पक्की आहे," मी म्हणालो. "ओल माझ्यामुळे आली. सिमेंट मी भरायला लावलं. बाबा नको म्हणत होते."

मग दाविदराव: "म्हंजे रोग बी तुमीच आन् डाक्टर बी तुमीच?"

"हो."

"आन् पुन्यांदा तुमचंच औषध घ्यायचं?"

"नाही. बाबांचं."

हशा झाला. दाविदरावांची आई मार्थाबाई पुढच्या बाकावरून कडाडली, "देवळात बसून कबूल केलं त्यानं. आता माफ नाय केलं तर रोज 'आमी माफ करतो तसं आमाला माफ कर' ही प्रार्थना कशापायी म्हणता रं?"

एक पावसाळा मिळाला. तो सरल्यावर भिंत सुकली नाही तर हॉल.

मग छिन्नीने सांधे हलक्या हाताने मोकळे केले. खड्ड्यात पाणी घालून चुना विरवला, बैलाच्या घाण्यात वाळू आणि गुळाच्या पाण्याबरोबर मळला. काम बाबांचं. सुपरव्हिजन माझं, म्हणजे बाबा सांगतील तिथून मी बाजूला सरायचो. एकदा सांधा लवकर भरा म्हणालो, तर म्हणाले, "साहेब, तुमी कमानी बघा. लय छान हायेत."

बघत बसलो. खरंच होत्या.

पुढच्या पावसाळ्यात भिंत पाणी प्यायली, आणि नाताळापर्यंत तिने ते सोडलंही. आतला नवा गिलावा टिकला. पंचांनी हॉलचा बेत सोडून दिला.

जुन्या इमारतीत बिघाड दिसला, तर तिच्या वयाला दोष देण्याआधी तिची दुरुस्ती कुणी केली ते विचारावं. तो माणूस पुष्कळदा समोरच उभा असतो, हातात ओळंबा धरून.