गच्चीवरचं ऊन

सासरे गेल्यावर नवऱ्यानं आईला करमाडजवळच्या गावाहून आमच्याकडं बजाजनगरला आणलं. दोन खोल्यांत त्यांचा जीव रमेना. सगळा जन्म मेंढरांमागं रानात गेलेला. इथं दिवसभर कॉटवर बसून भिंतीकडं बघायच्या. मी त्यांना आत्या म्हणायचे, पण जेवायला हाक मारण्यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे फार दुखायचे. शेकायला सारखं गरम पाणी लागे, सिलिंडर पुरेना. नवऱ्यानं मोबाईलवर बघून सुट्टीच्या दिवशी एक लाकडी पेटी ठोकली. आतून काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्यामागं जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबलेल्या, वर खिडकीची काच, झाकणाला आरसा. बाहेरून काळं केलेलं पातेलं पाण्यानं भरून आत ठेवलं आणि पेटी गच्चीवर उन्हात मांडली. दुपारी काच सरकवली तर वाफ आली. आत्यांनी बोट बुडवलं नि चटकन मागं घेतलं.

"अगं, लई कडक झालंय! जाळ नाय, धूर नाय…" आणि त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ऊन सरकेल तशी पेटी फिरवायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. मी भाजी निवडायला वर जाऊन बसायचे. गुडघा शेकत त्या बोलायच्या. मेंढरं घेऊन जाताना वाटेतच, भर पावसात बाळंत झाल्याचं त्यांनी असंच सांगितलं. ते बाळ म्हणजे माझा नवरा. त्यानं मला हे कधीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीपर्यंत शेजारच्यांनी घरावर दोन मजले चढवले. आमच्या गच्चीवर भर दुपारी सावली पडायला लागली. पेटी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन पाहिली. पाणी कोमटच राही. आत्या परत कॉटवर बसू लागल्या.

एक दिवस लेकाला म्हणाल्या, "मला गावाकडं सोड."

"आत्या, मी गॅसवर देते की तापवून. राहा ना," मी म्हटलं.

"पाण्याचं नाय गं. इथं मला आता काम काय?"

त्या गावी थोरल्या दिरांकडं गेल्या. टेम्पोत पेटीही दिली; तिथं अंगणभर ऊन आहे. सुरुवातीला फोनवर बोलायच्या, "तापतंय, चांगलं तापतंय," आणि ठेवून द्यायच्या. आम्ही गेलो की घरात माणसांचा गराडा. दोघींनी निवांत बसणं पुन्हा झालंच नाही. त्यांचं माहेर, लग्नाआधीचे दिवस, कितीतरी विचारायचं राहिलं.

मागच्या खेपेला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. "व्हय, व्हय," म्हणत त्या माझा हात धरून नुसत्या बसून राहिल्या.