गुणाचं लेकरू

माझी सासू मरून लय वर्षं झाली, पर तिच्यावरचा माझा राग काई मेला न्हाई. मरायचाबी न्हाई.

निजामाचं राज्य होतं तवाची गोष्ट. सेलूकडं आमचं शेत, सगळा कापूस. थोरला झाला आन् थोड्याच दिवसांत वेचणी लागली. लेकरू सासूपाशी ठेवून मी दिवसभर रानात. सांजंला दुधानं छाती दगड झालेली असायची. पळत घरी यावं, तर हे झोळीत निपचित पडलेलं. तोंडाशी धरलं तरी ओढायचं न्हाई. डोळे उघडले तर माझ्याकडं न्हाई, आढ्याकडं बघायचं. हसणं न्हाई, रडणं न्हाई.

"लय गुणाचं लेकरू हाय बाई!" आळीतल्या बाया सासूला म्हणायच्या. ती फुगायची आन् माझं काळीज जळायचं.

एकदा भाकर खायला मी मालकासंगं दुपारीच घरी आले. बघते तर सासू नखावर अफू घेऊन लेकराच्या जिभेला लावायलीय! अफू तवा बाजारात राजरोस मिळायची, लेकरं निजावी म्हणून बाया चाटवायच्याबी. पर माझ्या लेकराला? मी डबी हिसकली आन् चुलीत घातली.

"अगं सटवे!" सासू किंचाळली. "तुझ्या नवऱ्याला म्या हेच चारलं. काय वाईट झालं त्याचं?"

नवरा तिथंच भाकर खात बसला होता. त्यानं मान वर केली न्हाई. बाप मेला तवा त्याच्या डोळ्याला टिपूस आलं नव्हतं. लेक झाला तवा नुसतं "बरं" म्हणला. मी आपली त्याला मगरूर समजायचे.

दुसऱ्या दिवसापासून लेकरू माझ्यासंगं रानात. बाभळीला झोळी बांधली. अफू तुटली तसं ते रडलं, काय सांगू! जुलाब, उलट्या, अंग ताठ. "मारती आता पोराला!" म्हणून सासू गावभर बोंबलत फिरली. बोंबल म्हणलं, मेले. रडलं की मी पळायचे, छातीशी घ्यायचे. हळूहळू ते उचललं की गप व्हायला लागलं. पदर मुठीत धरायला लागलं.

एक दिवस माझी ओटी कापसानं भरलेली, आन् लेकरानं टाहो फोडला. मालक झोळीपाशीच हुबे, हात लोंबते सोडून.

"घ्या की त्याला!" मी वरडले.

त्यांचं तोंड एवढंएवढं झालं. "कसं घेतेत गं?"

मी कापूस तिथंच सांडला. त्यांचा एक हात धरून लेकराच्या मानेखाली ठेवला, एक पाठीखाली. आन् त्या म्हातारीला मनात अशी शिवी हासडली, की ती अजून कुणाला सांगितली न्हाई.